अकराव्या माणसाची सही

१९ नोव्हेंबर १९५५ रोजी हैदराबादच्या फतेह मैदानावर भारत-न्यूझीलंड कसोटी सुरू झाली. हैदराबादेतली ही पहिलीच कसोटी. पॉली उम्रीगर यांनी २२३ धावा केल्या आणि कसोटीत द्विशतक काढणारे ते पहिले भारतीय ठरले. विजय मांजरेकर यांनी ११८ काढल्या, कृपाल सिंग यांनी पदार्पणातच नाबाद शतक केलं, सुभाष गुप्ते यांनी एका डावात सात गडी टिपले. कर्णधार होते हैदराबादचेच गुलाम अहमद. सामना अनिर्णित राहिला.

आमची हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती आणि परभणी हैदराबाद राज्यात. मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी. म्हणजे ही कसोटी हिंगोलीकरांच्या स्वतःच्या राजधानीत झाली होती. आज आपण ‘आपलं क्रिकेट’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर वानखेडे येतं, फार तर पुण्याचं मैदान येतं. फतेह मैदान आपल्या आठवणीतून गळून गेलंय, आणि त्याबरोबर त्या मैदानाचे कागदही.

कागद म्हणजे काय, तर संघाच्या सह्यांचा ताव. त्या काळी पाहुणा संघ आला की सगळ्या खेळाडूंच्या सह्या एका तावावर घेतल्या जात. वर दौऱ्याचं नाव आणि साल, खाली शाईच्या पेनाने एकाखाली एक सह्या. १९५५ च्या त्या भारतीय संघाचा ताव समोर आला तर नवखा माणूस आधी उम्रीगर शोधेल, मग विनू मंकड, मग गुप्ते. मुरलेला संग्राहक आधी शोधतो व्ही. एन. स्वामी.

स्वामी सेनादलाचे मध्यमगती गोलंदाज. हैदराबादची ही कसोटी त्यांची पहिली आणि तीच शेवटची. भारताने ४ बाद ४९८ वर डाव घोषित केला, त्यामुळे त्यांना फलंदाजी मिळाली नाही. गोलंदाजी केली, पण गडी मिळाला नाही. पुढच्या सामन्याला ते संघात नव्हते. उम्रीगर ५९ कसोट्या खेळले. मुंबईत, कोलकात्यात, लंडनमध्ये, पोर्ट ऑफ स्पेनमध्ये पोरांनी त्यांच्यापुढे वह्या धरल्या. कसोटीपटू म्हणून स्वामींपुढे वही धरायला लोकांना मिळाले ते नोव्हेंबरातले काही दिवस. म्हणून त्या तावावर सगळ्यात दुर्मीळ अक्षर त्यांचं.

त्याच मालिकेतली पुढची कसोटी मुंबईत झाली आणि तिथे कोल्हापूरचे सदाशिव पाटील खेळले. त्यांचीही ती एकमेव कसोटी. पाटील दीर्घायुषी ठरले, सप्टेंबर २०२० मध्ये कोल्हापुरातच गेले. म्हणजे साठ वर्षांहून अधिक काळ एक कसोटीपटू कोल्हापुरात राहत होता, आणि त्यांच्याकडे सही मागायला किती जण गेले असतील? सह्या गोळा करण्याच्या छंदाबद्दल माझं म्हणणं यातच आलं. गर्दी ज्यांच्याभोवती जमली त्यांच्या सह्या आपोआप टिकल्या. गर्दी ज्यांच्याकडे गेली नाही त्यांच्या सह्या जपायला कुणीतरी मुद्दाम उठावं लागतं, आणि अशा माणसांचे पत्ते अनेकदा हिंगोली-कोल्हापूरसारख्याच गावांचे असतात.

हे पटवून देणारं सगळ्यात टोचणारं उदाहरण जनार्दन नवले यांचं आहे. पुणे जिल्ह्यातल्या फुलगावचा हा यष्टिरक्षक. २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर भारत पहिली कसोटी खेळायला उतरला, आणि भारताची फलंदाजी सुरू झाली तेव्हा कसोटीतला पहिला चेंडू खेळले नवले. त्या दौऱ्याचे सह्यांचे ताव आज इंग्लंडच्या लिलावांत येतात तेव्हा वर्णनात सी. के. नायडू, निसार आणि अमर सिंग ही नावं ठळक असतात. ते स्वाभाविक आहे. अमर सिंग तर १९४० मध्ये, वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी गेले. सह्या करायला त्यांना आयुष्यच मिळालं नाही. पण नवले १९७९ पर्यंत होते. उतारवयात त्यांनी साखर कारखान्यात पहारेकऱ्याचं काम केलं आणि पुण्यात दोन खोल्यांत दिवस काढले अशी नोंद आहे. कारखान्याच्या फाटकावर गाड्यांची नोंद करताना त्यांनी कितीदा तरी नाव लिहिलं असेल. त्या वह्या कुणी ठेवल्या असतील असं वाटत नाही. त्या दौऱ्याच्या तावांवरचं त्यांचं नाव मात्र जपलं गेलंय. हात तोच, अक्षर तेच.

आता हिंगोलीकडे येऊ. जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी, गाव मात्र जुनं लष्करी ठाणं. निजामाच्या हैदराबाद कंटिन्जंटची छावणी इथे १९०३ पर्यंत होती. रिसाला, पलटण, तोफखाना ही वस्त्यांची नावं आजही तोंडी आहेत. देशात क्रिकेट आतपर्यंत पोचलं ते अशा छावण्यांच्या वाटेने. हिंगोलीच्या छावणीतल्या एखाद्या सामन्याचा कागद, फोटो, निमंत्रणपत्रिका कुणाच्या आजोबांच्या ट्रंकेत असेल, तर त्याला जिल्ह्याच्या इतिहासात उम्रीगरांच्या बॅटीइतकंच मोल आहे. पुढे १९३०-३१ मध्ये हैदराबादेत मोईन-उद्-दौला चषक सुरू झाला. त्याच हंगामात विजयनगरमच्या महाराजकुमारांच्या संघातून जॅक हॉब्ज आणि हर्बर्ट सटक्लिफ हिंदुस्थानात खेळून गेले, आणि काही वर्षांनी वेस्ट इंडीजचा लिअरी कॉन्स्टंटाइन या चषकासाठी सिकंदराबादेत उतरला. रणजी करंडकातलं पहिलं शतकही हैदराबादच्या एस. एम. हादी यांचं. मराठवाड्याच्या क्रिकेटची आधीची पिढी या मुलखात वाढली, हे आपण मुंबई-पुण्याच्या ओघात विसरतो.

हिंगोलीत कसोटी मैदान नाही. इथे खेळाडू हॉटेलातून बाहेर पडताना सापडत नाही, सरावाच्या जाळीपाशी उभा दिसत नाही. सही हवी असेल तर दोनच वाटा होत्या: पूर्ण्याला जाऊन पुढे हैदराबादची गाडी धरायची, नाहीतर टपाल. मला टपालाची वाट जास्त मोलाची वाटते.

तिची रीत ठरलेली असायची. क्रीडा साप्ताहिकातून किंवा क्रिकेट संघटनेकडून पत्ता मिळवायचा. पत्र अर्ध्या पानाचं, सुवाच्य. सोबत दोन कोरी कार्डं, म्हणजे एक बिघडलं तर दुसरं असावं. आणि स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट. परदेशी खेळाडूला लिहायचं तर भारतीय तिकिटाचा तिथे उपयोग नाही. मग पोस्टातून आंतरराष्ट्रीय उत्तर कूपन घ्यायचं. जागतिक टपाल संघाने १९०६ च्या रोम परिषदेत ही सोय ठरवली. हे कूपन दाखवलं की त्या देशात परतीचं तिकीट मिळायचं. लहान गावातल्या पोस्टात कूपन मागितलं तर पोस्टमास्तर आधी वर बघत आणि मग जिल्ह्याच्या कचेरीतून मागवून देत. पत्र गेलं की वाट बघणं सुरू.

उत्तर देणाऱ्यांत सगळ्यात मोठा माणूस होता डॉन ब्रॅडमन. निवृत्तीनंतर अ‍ॅडलेडच्या घरी रोज टपालाचा ढीग यायचा आणि तो माणूस नेमाने बसून उत्तरं द्यायचा, सह्या करायचा. २००१ मध्ये जाईपर्यंत त्याने इतक्या सह्या केल्या की ब्रॅडमनची साधी सही आज बाजारात दुर्मीळ म्हणता येत नाही. उलट व्हिक्टर ट्रम्पर १९१५ मध्ये ३७ व्या वर्षी गेला; त्याचं अस्सल अक्षर फारच थोड्यांनी पाहिलंय. म्हणून लहान गावात कुणाकडे ब्रॅडमनचं कार्ड निघालं तर त्या सहीइतकंच मोल ती आली त्या पाकिटाला असतं. अ‍ॅडलेडचा शिक्का, तारीख, ऑस्ट्रेलियन तिकीट आणि पलीकडे ‘हिंगोली, जि. परभणी’ असा पत्ता, एवढं एकत्र असेल तर त्या सहीवर कुणी शंका घेणार नाही. आणि नेमकं पाकीटच लोक फेकून देतात. तिकीट भिजवून सोडवतात आणि तिकिटांच्या वहीत चिकटवतात. पाकीट फाडू नका, तिकीट काढू नका, हे मी भेटेल त्याला सांगत असतो.

सही अस्सल की नक्कल, हे ओळखणं शिकता येतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. शाईच्या पेनाने केलेल्या खऱ्या सहीत रेघ कुठे जाड, कुठे बारीक असते. हात वळतो तिथे शाई किंचित साचते आणि रेघ संपते तिथे निमुळती होत जाते, कारण पेन कागदावरून उचलताना हात चालूच असतो. नक्कल करणारा सावकाश लिहितो. त्याची रेघ सारख्या जाडीची, जराशी थरथरती, आणि सुरुवात-शेवट दोन्ही बोथट. छापील सहीत शाई सपाट बसते, कागदावर दाब उमटत नाही, आणि भिंगाखाली कधी बारीक ठिपके दिसतात. घडी पडलेला कागद असेल तर आणखी एक खूण: घडी आधी पडली आणि सही नंतर झाली असेल, तर घडीच्या तुटलेल्या तंतूंत शाई पसरते. १९३६ ची सही असलेल्या कागदावर शाई घडीत पसरलेली दिसली, तर कागद जुना आणि सही ताजी, असा संशय घ्यायला जागा आहे. अतिनील दिव्याखाली कागद पांढरा-निळा चमकला तरी सावध व्हावं; कागद उजळ करणारी ती रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळातच सर्रास वापरात आली.

पेनाकडेही बघायचं. बॉलपेन घरोघरी आलं ते १९५० नंतर, आणि मार्कर पेन त्याहून उशिरा. दांडेकरांच्या कॅम्लिनचा व्यवसाय १९३१ मध्ये शाईच्या पुडी-गोळ्यांपासूनच सुरू झाला. शाळकरी पोरं पाण्यात शाई कालवून दौती भरायची. अशा जुन्या शाईचा रंग काळाने फिका पडतो. १९३२ च्या तावावर बॉलपेनची सही असेल तर पुढे बघायची गरजच नाही. लहान बॅटींबद्दल मात्र वेगळं सांगावं लागतं. आपल्याकडे कित्येक घरांच्या शोकेसमध्ये सह्यांची छोटी बॅट असते. त्यांतल्या बहुतेक बॅटींवरच्या सह्या छापलेल्या असतात. त्या फसवणूक नव्हेत, आठवण म्हणूनच विकल्या गेल्या. फक्त विकत घेताना खऱ्या सहीचा भाव देऊ नये. एका खेळाडूने सगळ्या संघाच्या सह्या ठोकून दिल्याचेही प्रकार दौऱ्यांवर झालेत. अकरा सह्यांत एकाच हाताचा तिरकसपणा दिसला की जाणकार ताव बाजूला ठेवतो.

सगळ्या कसोट्या लावल्यावरही शेवटी एक प्रश्न उरतो: ही वस्तू कुणाच्या हातून कुणाच्या हातात आली? याचं अलीकडचं मोठं उदाहरण आपल्याच माणसाचं आहे. रंगा सोहोनी, महाराष्ट्राचे अष्टपैलू खेळाडू. महाराष्ट्राने प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० आणि १९४०-४१ असा सलग दोनदा रणजी करंडक जिंकला, त्या जमान्यातले. १९४७-४८ मध्ये स्वतंत्र भारताचा पहिला संघ ऑस्ट्रेलियाला गेला त्यात सोहोनी होते. त्याच दौऱ्यात ब्रॅडमनने भारतीय संघाविरुद्ध सिडनीत आपलं शंभरावं प्रथम श्रेणी शतक पुरं केलं आणि विजय हजारे यांनी अ‍ॅडलेडच्या कसोटीत दोन्ही डावांत शतकं काढली. ब्रॅडमनने आपली हिरवी टोपी सोहोनींना भेट दिली. सोहोनी कुटुंबाने ती पाऊणशे वर्षं घरातच ठेवली. टोपीच्या आत दोघांचीही नावं आहेत. जानेवारी २०२६ मध्ये ऑस्ट्रेलियात तिचा लिलाव झाला आणि ती ४,६०,००० ऑस्ट्रेलियन डॉलरना, म्हणजे अडीच कोटी रुपयांच्या वर, गेली. त्याआधी डिसेंबर २०२४ मध्ये त्याच मालिकेतली, भारतीय संघाचे व्यवस्थापक पंकज गुप्ता यांना दिलेली ब्रॅडमनची टोपी सिडनीत शुल्कासह ४,७९,७०० डॉलरना विकली गेली होती.

रक्कम मोठी आहे, पण मला महत्त्वाची वाटते ती सलगता. ब्रॅडमनच्या हातून सोहोनींच्या हाती, आणि मग त्यांच्याच घरात. मध्ये एकही अनोळखी हात नाही. अशी सलगता पैशाने तयार करता येत नाही. ती घरातल्या माणसांनीच राखावी लागते.

तो दौरा चालू होता तेव्हा, १९४७ च्या ऑक्टोबरपासून १९४८ च्या फेब्रुवारीपर्यंत, हिंगोली स्वतंत्र भारतात नव्हती. निजामाची सत्ता होती, रझाकारांचा धुमाकूळ चालू होता. दौरा संपला तेव्हाही इथलं सप्टेंबरातलं स्वातंत्र्य सात महिने दूर होतं. हजाऱ्यांची शतकं इथे कुणी ऐकली असतील तर कुठल्या रेडिओवर, कुणाच्या ओसरीवर आणि किती दबक्या आवाजात? हे आज नव्वदीच्या घरातला एखादाच माणूस सांगू शकेल. त्याची ती आठवण तारखेसह लिहून घेतली, तर संग्रहात तिची जागा कुठल्याही टोपीच्या शेजारी आहे.

मुक्तिसंग्राम संपून तीन महिने झाले आणि डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर यांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर असताना प्रतिस्पर्धी संघाने सामना सोडला. पुढे ब्रॅडमनने चिठ्ठी पाठवून त्या खेळीचं कौतुक केलं, असं सांगतात. निंबाळकर एकही कसोटी खेळले नाहीत. त्यामुळे ‘भारताच्या कसोटीपटूंच्या सह्या’ असा विषय घेऊन बसणाऱ्या संग्राहकाच्या वहीत त्यांच्यासाठी जागाच नसते. अशी वही मला अपुरी वाटते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर ११४ बळी घेणाऱ्या पाळवणकर बाळूंनाही कसोटीचा शिक्का लाभला नाही; त्यांच्या काळात भारताला कसोटी संघच नव्हता. बाळूंचे बंधू विठ्ठल यांनी १९४८ मध्ये ‘माझे क्रीडा-जीवन’ मराठीत लिहून ठेवलं, म्हणून त्या घराचा संघर्ष आज आपल्याला त्यांच्याच शब्दांत वाचता येतो. हे पुस्तक जुन्या वाचनालयात कुठे दिसलं, तर रद्दीच्या यादीतून त्याचं नाव खोडायला ग्रंथपालांना सांगावं.

जिल्ह्याबाहेर जाऊन हे सगळं पाहायचं तर पुण्यात सहकारनगरला ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ हे क्रिकेट संग्रहालय आहे. रोहन पाटे या माजी क्रिकेटपटूने ते उभं केलं आणि मे २०१२ मध्ये सचिन तेंडुलकरच्या हस्ते ते उघडलं. जगभरच्या खेळाडूंच्या सह्यांच्या बॅटी, चेंडू, हातमोजे तिथे मांडलेत. शाळेच्या सहलीत शनिवारवाड्याबरोबर ही जागाही धरावी. मुंबईत वसंत रायजी होते. स्वतः प्रथम श्रेणी क्रिकेट खेळलेले, रणजी, नायडू, ट्रम्पर यांच्यावर लिहिणारे. २०२० मध्ये वयाची शंभरी पुरी करून ते गेले. खेळणाऱ्यानेच खेळाचे कागद जपायचे, ही रीत त्यांनी घालून दिली. वृत्तपत्राच्या बाजूने हेच काम क्रीडापत्रकार वि. वि. करमरकरांनी केलं; मराठी दैनिकात खेळाला स्वतःचं पान मिळालं, म्हणून गावोगावच्या पोरांच्या कात्रणवह्या भरल्या.

हिंगोली जिल्ह्याने आता काय जमवावं, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तेंडुलकरच्या सहीमागे धावायला जग बसलंय. आपण आपल्या मैदानांचे कागद गोळा करावेत. वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा इथल्या टेनिस बॉल स्पर्धांची हँडबिलं: वर ‘भव्य’, मध्ये बक्षिसांच्या रकमा आणि सौजन्याची नावं, खाली ‘पंचांचा निर्णय अंतिम राहील’. जिल्हा निवड चाचणीच्या याद्या. शाळांची धावफलकाची पुस्तकं, पेन्सिलीने भरलेली. मराठवाड्यातल्याच जालन्याचा विजय झोल २०१४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताचा कर्णधार होता. बीडच्या सचिन धसने २०२४ च्या त्याच स्पर्धेत दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या उपांत्य सामन्यात ९६ धावा काढल्या. ही मुलं बारा-तेरा वर्षांची असताना ज्या वहीत त्यांचे रन मांडले गेले, ती वही कुठे आहे? पुढचा मुलगा कदाचित हिंगोलीचा असेल, आणि त्याची वही आत्ता कुणाच्या तरी किटबॅगेत ग्लोव्हजखाली चुरगळतेय.

जपण्याची विद्या आपल्याकडे जुनीच आहे. नर्सीच्या परिसरात नामदेवांच्या नावाने पोथ्या सांभाळणारी घरं आहेत. पोथी लाल कापडाच्या बासनात बांधायची, वेखंडाचा तुकडा ठेवायचा, पावसाळा उलटला की उलगडून सावलीत वारा द्यायचा. सह्यांच्या वहीला याहून वेगळं काही लागत नाही. फक्त वेखंड कागदाला टेकू न देता पुरचुंडीत ठेवावं. मात्र तीन गोष्टी अजिबात करू नयेत. लॅमिनेशन करू नये. उष्णतेने शाई बिघडते आणि प्लास्टिक पुन्हा निघत नाही. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नये. काही वर्षांत तो पिवळा पडतो आणि कागद खातो. आणि सहीची फ्रेम करून खिडकीसमोर टांगू नये. मराठवाड्याचं ऊन शाईचा रंग पाहता पाहता उडवतं. फ्रेम हवीच असेल तर झेरॉक्सची करावी. वाळवीचा धोका आपल्याकडे सगळ्यात मोठा, म्हणून पेटी जमिनीवर किंवा भिंतीला लागून ठेवू नये.

दिवाळीची आवराआवर हाच या कागदांचा सर्वांत धोक्याचा काळ. माळा खाली येतो, ट्रंका उघडतात, रद्दीवाला दारात तराजू लावून बसतो. गुलाबी-निळ्या पानांची छोटी वही दिसली, सामन्याचं तिकीट दिसलं, संघाचा फोटो दिसला, तर किलोच्या भावात घालण्याआधी एकदा उलटून पाहा. ठेवायचं ठरलं तर मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने चार गोष्टी लिहा: सही कुणाची, कुठल्या मैदानावर घेतली, कुठल्या साली, आणि कुणी घेतली. पहिल्या तीन गोष्टी पुस्तकांवरून पुढेमागे शोधता येतील. चौथी फक्त घरातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असते. ती याच सुट्टीत विचारून घ्या.